बेलुगाचे दात आणि चुकलेलं वय

बैलबाजारात सौद्याची बोलणी सुरू होण्याआधी बैलाचा खालचा ओठ ओढून दात बघितले जातात. धुळ्याचा बाजार असो की सारंगखेड्याच्या यात्रेतला घोड्यांचा, जनावराचं वय मालकाच्या तोंडून नव्हे, जनावराच्या तोंडातून काढायचं, हा नियम. दुधाचे दात शाबूत असले तर आदत. पक्क्या दातांची पहिली जोडी आली, म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षं झाली, की दुसा. मग चौसा, मग सहादाती, आणि साडेचार-पाच वर्षांत आठही दात आले की बैल जुळला. खरी पंचाईत जुळल्यानंतर सुरू होते. पुढे नुसती झीज दिसते, आणि झिजेवरून सांगितलेलं वय हा अंदाज असतो. दहाचा बैल सातचा म्हणून खपतो तो इथेच.

उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रात राहणाऱ्या बेलुगा या पांढऱ्या देवमाशाच्या बाबतीत शास्त्रज्ञांची अशीच फसगत झाली, आणि ती जवळपास पन्नास वर्षं टिकली. तिथे फसवणारा दलाल कोणी नव्हता. दाताच्या आतल्या रेघा नीट मोजल्या जात होत्या. एका वर्षाला किती रेघा, एवढंच चुकीचं धरलं होतं. त्यामुळे साठीच्या जनावराला तिशीचं समजलं गेलं, आणि त्या वयावर उभे असलेले सगळे हिशेब, म्हणजे किती वर्षांत पिल्लू होतं, कळप किती वेगाने वाढतो, किती मारले तर चालतील, हे सगळेच सैल निघाले. बेलुगाला आज असलेले धोके समजून घ्यायचे तर सुरुवात या दातापासूनच करावी लागते.

आधी प्राण्याची ओळख. 'बेलुगा' हे नाव पांढरा या अर्थाच्या रशियन शब्दावरून आलं. महागड्या अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेला बेलुगा नावाचा एक मासाही आहे; त्याचा याच्याशी संबंध नाही, नाव तेवढं एक. पीटर सायमन पालास या निसर्गशास्त्रज्ञाने १७७६ मध्ये या प्राण्याची शास्त्रीय नोंद केली. लांबी चार ते साडेपाच मीटर, मोठ्या नराचं वजन दीड टनापर्यंत, म्हणजे तीन थोराड बैलांइतकं. पाठीवर पर नाही, कारण बर्फाच्या थराखालून पोहताना तो अडकला असता. मानेचे मणके एकमेकांना जोडलेले नसल्यामुळे बेलुगा मान वळवू शकतो. बहुतेक देवमाशांना ते जमत नाही. कातडीखाली दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जाड चरबी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीशीला टेकतो. या प्राण्याचं बरंचसं आयुष्य शून्याच्या आसपासच्या पाण्यात जातं. पिल्लू जन्मतः गडद राखाडी असतं आणि बऱ्याच वर्षांनी हळूहळू पांढरं होतं. तोंडात खुंटीसारखे तीस-चाळीस दात असतात, तेही चावण्यासाठी नव्हे, मासा पकडून धरण्यासाठी. तो गिळला जातो अख्खाच.

दाताच्या आत काय लिहिलेलं असतं

बैलाला दुधाचे दात पडून पक्के येतात. बेलुगाचे दात एकदाच येतात आणि तेच जन्मभर राहतात. प्रत्येक दाताच्या आतल्या पोकळीत दंतद्रव्याचा नवा थर बसत जातो. पत्रावळीबरोबरचे द्रोण एकात एक रचून ठेवावेत तसे हे थर एकात एक बसतात. सगळ्यात बाहेरचा थर सगळ्यात जुना. जन्माच्या वेळी एक ठळक रेघ उमटते. तिथून पुढे गडद आणि फिकट पट्ट्यांच्या जोड्या. दंतद्रव्य एकदा बसलं की हाडासारखं पुन्हा विरघळून नव्याने घडत नाही, म्हणून त्या त्या वर्षीचा थर त्या त्या वर्षीचाच राहतो.

वाचण्याची पद्धत अशी. मेलेल्या किंवा शिकार झालेल्या बेलुगाच्या खालच्या जबड्यातून सगळ्यात सरळ आणि सगळ्यात कमी झिजलेला दात निवडतात. तो उभा, बरोबर मध्यातून, हिऱ्याच्या पात्याच्या संथ करवतीने कापतात. काप मध्यापासून थोडा जरी बाजूला गेला तर आतले थर तिरपे कापले जातात आणि काही रेघा दिसतच नाहीत. नवशिक्याची चूक बहुधा हीच. मग कागदासारखी पातळ चकती काढून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश आरपार सोडून रेघा मोजतात. दोन-तीन जण एकमेकांचे आकडे न बघता मोजतात आणि मग ताडून पाहतात. म्हाताऱ्या बेलुगात दाताचं टोक झिजून गेलेलं असतं, म्हणजे जन्माची रेघ आणि लहानपणीचे थर गायब. अशा वेळी उत्तर 'इतकी वर्षं' असं नसतं, 'निदान इतकी वर्षं' असं असतं. जुळलेल्या बैलाची अडचण इथेही आहेच.

राहिला प्रश्न एका वर्षाला पट्ट्यांच्या जोड्या किती, हा. इतर दातवाल्या देवमाशांत आणि डॉल्फिनांत वर्षाला एक जोडी हे सर्वमान्य होतं. बेलुगात मात्र दोन धरल्या गेल्या. कैदेतल्या थोड्या प्राण्यांच्या दातांवरून आणि कळपातल्या लहानमोठ्यांच्या आकारावरून हा अंदाज बांधला होता, आणि पुढच्या संशोधकांनी तो तसाच उचलला. एकाच प्राण्यासाठी वेगळा नियम का, हा प्रश्न मधूनमधून विचारला जाई. पण ठोस उत्तर देता येईल असा पुरावा कुणाच्याच हाती नव्हता.

तो आला अगदीच अनपेक्षित ठिकाणाहून. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या सुरुवातीला अमेरिका आणि सोव्हिएत संघाने उघड्या आकाशात अणुबॉम्बच्या शेकडो चाचण्या केल्या. त्यामुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन, कार्बन-१४, एकदम वाढला. हवेतून तो समुद्रात, समुद्रातून माशांत, माशांतून बेलुगाच्या दातात उतरला. १९६३ च्या करारानंतर बड्या सत्तांच्या हवेतल्या चाचण्या बहुतांशी थांबल्या, पण दातात खूण राहून गेली. ज्या थरात कार्बन-१४ अचानक चढतो तो थर १९५० च्या दशकाच्या अखेरीचा, हे पक्कं. आता प्राणी कधी मेला ते माहीत असेल, तर मधल्या जोड्या मोजायच्या. वर्षाला एक धरून तो थर १९५० च्या दशकाच्या अखेरीला येतो, की दोन धरून? कॅनडातल्या संशोधकांनी २००६ मध्ये हा हिशेब प्रसिद्ध केला. वर्षाला एक, हे उत्तर निघालं.

एका भागाकाराने बदललेलं आयुष्य

आधीच्या पुस्तकांत बेलुगाचं आयुष्य तीस-पस्तीस वर्षं लिहिलेलं आढळतं. जुने लेख चाळताना हे ध्यानात ठेवावं. मराठीत आलेल्या काही जुन्या माहितीतही तोच आकडा आहे. आज साठ-सत्तर वर्षं सहज, आणि काही प्राणी ऐंशीच्या घरात जातात असं मानलं जातं. मादी पहिल्यांदा गाभण राहण्याचं वय आधी पाचच्या आसपास वाटत होतं. ते दहाच्या आसपास, कधी त्याहून पुढे, आलं. नर आणखी उशिरा वयात येतो.

गर्भ चौदा-पंधरा महिने असतो. एका वेळी एकच पिल्लू. ते दीड-दोन वर्षं दूध पितं, आणि दुधात चरबी म्हशीच्या दुधाच्या जवळपास चौपट. म्हणजे दोन वितींमध्ये तीन वर्षांचं अंतर. त्यात आणखी एक बारकी गोष्ट: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेलुगा आणि त्याचा जवळचा नातलग नारव्हाल या दोघांच्या माद्या पिल्लं होणं बंद झाल्यावरही बरीच वर्षं जगतात असं दिसलं. सस्तन प्राण्यांत हे अगदी थोड्यांत आढळतं. माणूस त्यांपैकी एक. तेव्हा सत्तर वर्षं जगणारी मादी सत्तर वर्षं वीत नाही. बाराव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत, सगळं सुरळीत चाललं तर, जन्मभरात दहाच्या आसपास पिल्लं. आपल्याकडची शेळी दोन वर्षांत तीनदा विते, आणि एका वेळी दोन करडं ही नेहमीची गोष्ट. बेलुगाचा कळप शेळ्यांच्या कळपासारखा भरून निघत नाही.

निरोगी कळपसुद्धा वर्षाला तीन-चार टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. तीन टक्के धरले तर दुप्पट व्हायला तेवीस-चोवीस वर्षं. एका वर्षाचा वाईट हंगाम, एखादी साथ, शिकारीचा एखादा चुकीचा कोटा, यांची भरपाई करायला एक पिढी जाते, आणि बेलुगाची पिढी म्हणजे पंचवीस-तीस वर्षं.

अमेरिकेत समुद्री सस्तन प्राण्यांसाठी एक सूत्र वापरतात. कळपाचा कमीत कमी अंदाज, गुणिले जास्तीत जास्त वाढीचा निम्मा दर, गुणिले कळपाच्या नाजूकपणाप्रमाणे ०.१ ते १ मधला एक आकडा. उत्तर येतं ते माणसाच्या हातून वर्षाला किती मृत्यू सोसतील याचं. ३०० चा संकटातला कळप घ्या: ३०० × ०.०२ × ०.१ = ०.६. म्हणजे दोन वर्षांत मिळूनही सव्वापेक्षा कमी बेलुगा. जहाजाच्या धडकेने, जाळ्यात अडकून, काहीही होऊन, पाच वर्षांत तीन गेले की हिशेब संपला.

बॉम्ब, बक्षीस आणि रिकाम्या नद्या

उन्हाळ्यात बेलुगा नद्यांच्या मुखाशी येतात. पाणी जरा कोमट असतं, खडीवर अंग घासून जुनी कातडी काढता येते, आणि समुद्राकडे जाणारे-येणारे मासे तोंडासमोर असतात. प्रत्येक कळपाची नदी ठरलेली. पिल्लू आईबरोबर पहिल्यांदा जातं आणि मग जन्मभर तिथेच जातं. मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघालेल्या मुक्ताबाईंच्या पालखीची वाट आणि मुक्काम जसे ठरलेले, तसंच हे. शिकाऱ्यांना नेमकं हेच सोयीचं पडलं. भरतीला बेलुगा नदीत शिरले की मुखावर जाळं ताणायचं. ओहोटीला ते उथळ पाण्यात उघडे पडतात.

तेल दिव्यांसाठी आणि यंत्रांसाठी, कातडं बुटांच्या बंदांसाठी आणि पट्ट्यांसाठी. हडसन्स बे या व्यापारी कंपनीने १८६० नंतरच्या दशकांत कॅनडातल्या उंगावा उपसागराच्या नद्यांवर हाच धंदा केला. कळप इतका खालावला की त्या नद्यांत आज उन्हाळ्यात क्वचित एखादा बेलुगा दिसतो. शेजारच्या पश्चिम हडसन उपसागरात, चर्चिल आणि सील नदीच्या मुखाशी, पन्नास हजारांहून जास्त बेलुगा येतात. पण तिथले इकडे वस्तीला येत नाहीत. ज्या आयांना वाट ठाऊक होती त्याच मेल्या, वाट शिकवायला कोणी उरलं नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांभोवतीही शतकानुशतकं कत्तल झाली. तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून शिकार बंद आहे, आणि २०१८ च्या हवाई मोजणीचा अंदाज ५४९. साठ वर्षांच्या संरक्षणानंतरचा हा आकडा.

सगळ्यात विचित्र प्रकरण कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीचं. कॉड आणि सॅमन मासे कमी झाले, तेव्हा कोळ्यांनी बोट बेलुगाकडे दाखवलं. १९२० च्या दशकाच्या अखेरीला विमानांतून बेलुगांवर बॉम्ब टाकले गेले. १९३२ पासून क्विबेक सरकारने मारलेल्या बेलुगाच्या शेपटीमागे १५ डॉलरचं बक्षीस ठेवलं. मग व्हादिम व्लादिकोव्ह या मत्स्यशास्त्रज्ञाने मारलेल्या बेलुगांची पोटं तपासली: आत केपलिन नावाचे छोटे मासे, वाळूतले बारके मासे, किडे, शिंपले. सॅमन नावापुरता. आधी पोट तपासायचं आणि मग बक्षीस लावायचं, एवढा क्रम पाळला असता तर बरंच वाचलं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजारोंनी असलेला हा कळप १९७९ मध्ये शिकारबंदी आली तेव्हा हजाराच्या आसपास उरला होता.

इनुइट लोकांची स्वतःपुरती शिकार हा वेगळा विषय, आणि तो या यादीत सरसकट घालू नये. कातडीसकट चरबीचा मुक्तुक हा त्यांचा मुख्य आहार. भाज्या नसलेल्या मुलखात क जीवनसत्त्व त्यातून मिळतं. कळप मोठा आणि मोजणी चोख असेल तिथे ही शिकार पिढ्यान्‌पिढ्या चालते. १९८८ पासून अलास्कात शिकारी आणि शास्त्रज्ञ एकत्र बसून बेलुगाचे निर्णय घेणारी समितीही आहे.

कळप लहान असेल तिथे काय होतं, ते कुक इनलेटमध्ये दिसलं. अलास्कातल्या अँकरेज शहराला लागून असलेली ही खाडी. १९७९ मध्ये इथे सुमारे १,३०० बेलुगा असल्याचा अंदाज होता. १९९४ मध्ये ६५३, १९९८ मध्ये ३४७. चार वर्षांत जवळपास निम्मे; त्याला मुख्य कारण बिनमर्यादेची शिकार, असं तेव्हा सगळ्यांनाच पटलं. १९९९ मध्ये ती थांबली. शिकार हेच एकमेव कारण असतं तर आकडा तिथून वर चढायला हवा होता. चढला नाही. उलट २००८ नंतरची दहा वर्षं तो घसरतच राहिला. २००८ मध्येच या कळपाला अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत घेतलं, २०११ मध्ये खाडीचा मोठा भाग संरक्षित अधिवास ठरवला. २०१८ चा अंदाज २७९, २०२२ चा ३३१. यादीतून बाहेर पडण्यासाठी ठरवलेलं उद्दिष्ट ७८०. वर्षाला तीन टक्के वाढ झाली, आणि ती एकही वर्ष न चुकता झाली, तरी तिथे पोचायला एकोणतीस वर्षं लागतील.

का वाढत नाही, याला एक उत्तर नाही. बंदरातलं खांब ठोकण्याचं काम, विमानतळ, तेलाच्या विहिरी, शहराचं सांडपाणी, सॅमनच्या येण्यातले चढउतार, भरती-ओहोटीच्या नऊ-दहा मीटरच्या फरकाने चिखलात अडकणं, हे सगळं त्याच एका खाडीत. प्रत्येक गोष्ट एकेकटी सोसण्याजोगी वाटते. बेरीज सोसवत नाही.

विष साठतं ते वयाबरोबर

दीर्घायुष्याची एक किंमत असते: शरीरात जे साठतं ते साठ वर्षं साठतं. सेंट लॉरेन्सच्या किनाऱ्याला लागलेले मृत बेलुगा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पद्धतशीर तपासले जातात. डॅनियल मार्टिनो आणि सहकाऱ्यांनी १९८३ ते १९९९ या काळातल्या १२९ शवांचा अहवाल २००२ मध्ये दिला. तपासलेल्या प्रौढांपैकी २७ टक्क्यांना कर्करोग. रानटी देवमाशांत कर्करोग ही एरवी दुर्मीळ गोष्ट. काही शवांत पीसीबी या विषारी औद्योगिक रसायनाचं प्रमाण इतकं, की कॅनडाच्या नियमाने ते शव घातक कचऱ्यात मोडत.

विष आलं कुठून? साग्ने नदीवरच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यांतून बेंझोपायरीनच्या जातीची काजळीतली रसायनं गाळात बसली, आणि बेलुगा तळाच्या चिखलात तोंड खुपसून किडे-शिंपले शोधतो. त्याच कारखान्यांतल्या कामगारांतही फुफ्फुसाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग नेहमीपेक्षा जास्त आढळला होता. मायरेक्स नावाचं कीटकनाशक तर ऑन्टारिओ सरोवरातून शेकडो किलोमीटर खाली आलं ते ईल माशांच्या अंगातून. ईल समुद्राकडे निघाले की बेलुगा त्यांना खात. नराच्या चरबीत हे विष वयाबरोबर वाढतच जातं. मादीचं थोडं कमी होतं, कारण ती ते दुधातून पिल्लाला देते. पहिलटकरणीच्या पहिल्या पिल्लाच्या वाट्याला सगळ्यात जास्त.

पीसीबी म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमधलं न पेटणारं तेल. शिवारातल्या डीपीत सहसा साधं खनिज तेल असतं, पण जगभरच्या जुन्या, मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पीसीबी भरपूर वापरलं गेलं. अमेरिका-कॅनडाने १९७० च्या दशकाच्या अखेरीला ते बंद केलं. भारताने निर्मितीवर आणि आयातीवर २०१६ मध्ये बंदी आणून वापर पूर्ण थांबवायला २०२५ अखेरची मुदत घातली.

दातांच्या रेघा इथे पुन्हा कामाला आल्या. १९८३ ते २०१२ या तीस वर्षांतली शवं एकत्र तपासली, प्रत्येकाच्या मृत्यूच्या वर्षातून रेघा वजा करून जन्मवर्ष काढलं, आणि एक गोष्ट लख्ख दिसली: १९७१ नंतर जन्मलेल्या एकाही बेलुगात कर्करोग सापडला नाही. कारखान्यांतून सोडली जाणारी रसायनं आणि पीसीबी यांवर निर्बंध आले ते त्याच दशकात. वर्षाला दोन रेघा धरल्या असत्या तर जन्मवर्षं अलीकडे सरकली असती आणि ही सीमारेषा कुठेतरी नव्वदीत दिसली असती, जिथे तिला काही अर्थच लागला नसता. मात्र कर्करोग मागे पडला तसं दुसरं काही पुढे आलं. २००८ नंतर काही वर्षांत नवजात पिल्लांची आणि विताना अडलेल्या माद्यांची शवं जास्त सापडू लागली. प्लास्टिक आणि कापड चटकन पेटू नये म्हणून मिसळल्या जाणाऱ्या रसायनांवर संशय आहे. जहाजांच्या गर्दीवर आणि बर्फ कमी होण्यावरही आहे.

आपल्याकडच्या वाचकाला जवळचं नाव बीएचसी पावडरीचं. कापसावर धुरळलेली, कणगीभोवती टाकलेली, घरात ढेकणांसाठी वापरलेली. तिच्यातलं एचसीएच उष्ण हवेत उडतं, वाऱ्याबरोबर वर जातं आणि थंड प्रदेशात पुन्हा खाली बसतं. चीन, सोव्हिएत संघ आणि भारत हे तिचे जगातले मोठे वापरकर्ते. ध्रुवाजवळ, जिथे कापसाचं एक बोंड उगवत नाही, तिथल्या बेलुगांच्या चरबीत एचसीएच सापडलं ते अशा वाटेने. चीनने १९८३ मध्ये आणि भारताने १९९७ मध्ये ते बंद केल्यावर ध्रुवीय हवेतलं प्रमाण झपाट्याने उतरलं. समुद्राच्या प्रवाहातून जाणारा त्याचा दुसरा प्रकार मात्र सावकाश पोचतो आणि सावकाश जातो.

बर्फ, आवाज, मोजणी

बर्फ हा बेलुगाचा आसरा आणि सापळाही. हिवाळा अचानक आला की श्वास घ्यायची भोकं आकसत जातात आणि कळप आत कोंडला जातो. १९८४-८५ च्या हिवाळ्यात रशियाच्या चुकोत्का किनाऱ्याजवळ असे हजारो अडकले. बर्फ फोडणाऱ्या 'मॉस्क्वा' जहाजाने वाट करून दिली; बेलुगा जहाजामागे येईनात, तेव्हा शास्त्रीय संगीत लावून त्यांना बाहेर काढलं गेलं. सुमारे दोन हजार वाचले. आता बर्फाचं वेळापत्रकच बदलतंय. कमी बर्फाच्या उन्हाळ्यात ओर्का, म्हणजे बेलुगाची शिकार करणारे काळे-पांढरे देवमासे, पूर्वी पोचत नसत अशा उपसागरांत शिरतात, आणि बर्फाखाली पळून जाण्याची बेलुगाची जुनी युक्ती तिथे चालत नाही.

मोकळ्या झालेल्या समुद्रात जहाजंही येतात. बेलुगाचं जगणं आवाजावर चालतं. गढूळ पाण्यात मासा शोधायचा तो आवाजाच्या प्रतिध्वनीने, पिल्लू हाकेच्या अंतरात ठेवायचं ते हाकेने. १९८० च्या दशकात कॅनडाच्या लँकेस्टर साउंडमध्ये दिसलं, की बर्फ फोडणारं जहाज ३५ ते ५० किलोमीटरवर असतानाच बेलुगा पळ काढतात. भुसावळला सुरू झालेल्या आवाजाने जळगाव ओलांडून एरंडोलच्या वाटेवरचं जनावर उधळावं, असा हा प्रकार.

जिवंत पकडून मत्स्यालयांना विकण्याचा धंदा आकड्यांनी लहान, पण त्यात तरुण प्राणीच नेले जातात, म्हणून कळपाला तो जड जातो. २०१८ मध्ये रशियाच्या पूर्व किनाऱ्यावर ११ ओर्का आणि ८७ बेलुगा कुंपणात कोंडलेले सापडले. ओरड झाल्यावर २०१९ मध्ये ते सोडले गेले. त्याच वर्षी कॅनडाने देवमासे आणि डॉल्फिन कैदेत ठेवण्यावर कायद्याने बंदी आणली.

जगात एकूण बेलुगा दोन लाखांच्या आसपास, वीसहून अधिक कळपांत. त्यामुळे धोक्यातल्या प्राण्यांच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय यादीत ही जात एकूणात चिंतेबाहेर आहे, आणि कुक इनलेटचा कळप त्याच यादीत अतिसंकटग्रस्त. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. एकूण आकडा ऐकून निर्धास्त होणारे उंगावाच्या नद्या विसरतात.

आकडे वाचतानाही जरा थांबावं. सेंट लॉरेन्सचा अंदाज २०१२ मध्ये ८८९ होता, २०२३ मध्ये तो १,८५० सांगितला गेला. बेलुगा अकरा वर्षांत दुप्पट होऊच शकत नाही; वरचा तीन टक्क्यांचा हिशेब करून बघा. बदलली ती मोजण्याची रीत. विमानातून दिसतात ते पृष्ठभागावरचे. बुडी मारलेले किती, याची दुरुस्ती नव्याने केली गेली. कुक इनलेटचं पाणी तर हिमनद्यांच्या गाळाने पहिल्या पुराच्या तापीसारखं. त्यात पांढरा प्रौढ श्वास घ्यायला वर आला की दिसतो, आईला चिकटून चाललेलं राखाडी पिल्लू निसटतं. म्हणून वरून व्हिडिओ घेऊन चौकटी-चौकटीने पुन्हा मोजतात.

त्या व्हिडिओत दिसणाऱ्या पांढऱ्या माद्यांत १९९८ च्या आधी जन्मलेल्या, म्हणजे शेवटच्या मोठ्या शिकारीतून सुटलेल्या, कित्येक असणार. त्यांतली एखादी मरून किनाऱ्याला लागली तर तिच्या खालच्या जबड्यातला सगळ्यात सरळ दात काढला जाईल आणि मधोमध उभा कापला जाईल.